नारिंगी जाकिटवाल्यांचे उपकार

ज्यांना मी कधी भेटले नाही, आणि जी माणसं मुळात अस्तित्वातच नाहीत, अशा पाच जणांचे माझ्यावर उपकार आहेत. ते नारिंगी जाकीट घालतात, त्यांच्या खांद्याला बंदूक असते, आणि आमच्या टीव्हीतल्या एका बर्फाळ डोंगराच्या पायथ्याशी ते लाकडी खोपटात राहतात. एका दुपारी, चहाच्या जरा आधी, त्यांनी मला गोळी घालून ठार केलं. मी तेव्हा लांडगा होते. नेमकं सांगायचं तर अर्धा लांडगा होते. उरलेला अर्धा माझे यजमान होते.

वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारीचं डोकं फिरलं. तसं नाही. उज्जैनच्या एका मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं आहे आणि डोकं अजून जागेवर आहे. जिभेची मात्र खात्री देत नाही. 'उचलली जीभ, लावली टाळ्याला' असं सासूबाई माझ्याबद्दल लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. त्यांची माणसांची पारख चांगली होती.

नानाखेड्याच्या घरात आम्ही दोघंच असतो, मी आणि हे. 'हे' म्हणजे यजमान. आयुष्यभर त्यांच्याबद्दल असंच बोलत आले, आता लिहिताना कशाला बदलू? हे फ्रीगंजमधल्या एका बँकेत होते. आवाज असा, की काउंटरमागून बोलले तर बाहेर स्कूटर लावणारा वळून बघायचा. हा आवाज म्हणे घराण्यातूनच आलेला. यांचे पणजोबा दरबारच्या शिकारखान्यात नोकरीला होते. बंदूक चालवायला नाही, हाका घालायला. मोठी माणसं मचाणावर बसायची, आणि ही मंडळी रानात रांग धरून, ओरडत, डबे बडवत, जनावरं त्यांच्या बंदुकीसमोर आणून सोडायची. पणजोबा त्या हाकेवाल्यांचे मुकादम. लग्न असो, मुंज असो, जेवणाच्या पंगतीत यांची ही गोष्ट ठरलेली. "आमच्या घराण्यानं आवाजाची भाकर खाल्ली आहे," असं म्हणून हे एवढ्या जोरात हसायचे की शेजारच्या पानावरचं लहान मूल दचकायचं. मी म्हणायचे, "भाकर तुम्ही खाल्ली, कान माझे गेले."

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी पोहे खाता खाता यांच्या हातातून चमचा पडला. मी सवयीनं म्हणाले, "लक्ष कुठे आहे तुमचं?" उत्तर आलं नाही. मान वर करून बघितलं तर यांचं तोंड एका बाजूला गेलं होतं.

लकवा होता. समोरच्या घरातल्या लोकांनी गाडी काढली आणि वेळेत दवाखान्यात पोचवलं, म्हणून आज हे लिहायला मी बसू शकते आहे. त्या शेजाऱ्यांशी माझं त्याआधी दोन वर्षं त्यांच्या नळाच्या पाण्यावरून भांडण होतं. आता ते माझ्या दारात खुशाल पाणी सोडोत.

तीन आठवड्यांनी यांना घरी आणलं. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन हे अंगणापर्यंत चालायला लागले. उजवा हात मांडीवर पडून असायचा, त्याचंही मी मनाला लावून घेतलं नाही. पण बोलणं गेलं होतं. समजायचं सगळं. मी दूधवाल्याला सांगितलेला हिशेब चुकला तर यांची भुवई वर जायची. बोलायला तोंड उघडलं की मात्र 'त, त' एवढंच बाहेर यायचं, आणि मग हे तोंड मिटून खिडकीबाहेर बघत बसायचे. डॉक्टर म्हणाले होते, पहिले सहा महिने महत्त्वाचे, जे यायचं ते बहुतेक तेवढ्यात यायला लागतं. मी गणिताची बाई. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक दिवस खोडायला लागले.

भेटायला माणसं यायची. ती यांच्याशी मोठ्यानं बोलायची, जसे काही हे बहिरे झाले होते. "महाकाल सब ठीक करेगा, भाईसाहब!" असं कुणी कानाशी ओरडलं की हे माझ्याकडे बघायचे, आणि मला कळायचं की यांना आता काहीतरी खमंग बोलायचं आहे. ते कधीच ऐकायला मिळालं नाही. अडतीस वर्षांच्या संसारात आमचं रोज कशावरून तरी वाजायचं, आणि आता घरात भांडायला माणूसच उरलं नव्हतं. मी फार घाबरले होते. हे आता कायमचं असंच राहणार, या विचारानं मला धड जेवण जायचं नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी स्कूटीवरून यायची. वयानं आमच्या लेकीपेक्षाही लहान, हिंदी बोलणारी, अतिशय चिकाटीची. तिनं पहिल्याच दिवशी आमच्या घरातले फोटो मागून घेतले आणि एका अल्बममध्ये लावले. पहिला फोटो माझा.

"अंकल, ये कौन हैं? आंटी का नाम बोलिए."

हे फोटोकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि मान खाली घालायचे.

"कोई बात नहीं. आंटी, रोज़ प्रॅक्टिस करवाइए. सबसे पहले आपका नाम. वही सबसे पास का शब्द है."

शाळेतल्या बाईला प्रॅक्टिस करून घ्या म्हणणं म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. मी जाड पुठ्ठा कापला, काळ्या मार्करनं त्यावर माझं नाव लिहिलं, तीनच अक्षरं. रोज सकाळी चहा झाला की तो पुठ्ठा यांच्यासमोर धरायचा. "पहिलं अक्षर तरी म्हणा. माझ्या ओठांकडे बघा." हे त्या पुठ्ठ्याकडे असे बघायचे, जसं माझ्या नववीच्या मुली प्रमेयाकडे बघायच्या. एक महिना गेला, दोन गेले, तीन गेले. पाणी नाही, हो नाही, नाव तर नाहीच. एका सकाळी माझा तोल गेला. "अडतीस वर्षं तुमच्याबरोबर काढली, आणि माझं नाव तेवढं आठवत नाही? राहू द्या. नका घेऊ!" असं म्हणून मी तो पुठ्ठा पलंगावर फेकला, स्वयंपाकघरात गेले आणि रिकामा मिक्सर चालू करून रडले. मिक्सर बंद करून बाहेर आले तेव्हा यांनी पुठ्ठा डाव्या हातानं उचलून उशाशी सरळ ठेवला होता.

सेवेत मात्र मी काही कमी ठेवलं नव्हतं. देवघरातली लहान पितळी घंटा यांच्या डाव्या हाताशी ठेवली होती, काही लागलं तर वाजवायला. ती वाजायची पाळी क्वचितच यायची. यांना तहान लागायच्या आत पाण्याचा पेला समोर असायचा. उकडायच्या आत पंखा. चष्मा, पांघरूण, वर्तमानपत्र, सगळं मागायच्या आधी. कॉलनीतल्या बायका आपापल्या सुनांना माझं उदाहरण देत होत्या, आणि मला ते आवडत होतं, हेही लिहून टाकते.

चौथ्या महिन्यात लेक आली. ती पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दीड महिना इथूनच काम करीन म्हणाली, आणि दिवसभर बैठकीच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायला लागली. काम संपलं की ती टीव्हीला एक काळी डबी जोडायची आणि गेम खेळायची. व्हिडिओ गेम हा शब्द मी तोवर फक्त मुलींना रागावताना वापरला होता.

"दिवसभर स्क्रीन, आता परत स्क्रीन? डोळे फुटतील ना."

"आई, दहा मिनिटं बघ तर खरी. लांडगा आहे. त्याला जगवायचं असतं, बस."

मी बघितलं नाही, पण यांनी बघितलं. टीव्हीवर बर्फ पडत होता, एक करडा लांडगा झाडांमधून चालला होता, आणि हे पलंगावरून पुढे झुकले होते. कितीतरी दिवसांत हे कशाकडे असे झुकले नव्हते. लेकीच्या ते लक्षात आलं. तिनं यांच्या मांडीवर उशी ठेवली, त्यावर कंट्रोलर ठेवला आणि डावा अंगठा त्यातल्या छोट्या दांडीवर टेकवला. लांडगा चालायला लागला. पण बाकीची बटणं उजवीकडे, आणि उजवा हात तर हलत नव्हता.

"आई, तू काय बघून राहिली आहेस? बस ना बाबांच्या बाजूला. तुझा उजवा हात दे."

"माझं काय दिमाग खराब झालं आहे का?"

"बस तर. बाबा चालतील, तू चाव."

तर मी बसले. यांच्या उजव्या अंगाला, भैरवगडच्या छापाची चादर घातलेल्या दिवाणावर, एका कंट्रोलरवर दोघांचे हात. लांडग्याला इकडेतिकडे नेणं यांच्याकडे. धावणं, चावणं, खाणं आणि ओरडणं माझ्याकडे. पहिल्या दिवशी आम्ही एका सशामागे धावून झाडावर आपटलो, आणि हे हसले. हसणं लकव्यात गेलं नव्हतं, पण त्याला कारण मिळालं नव्हतं. मी लेकीला म्हणाले, "उद्या परत लाव."

तिनं आम्हाला नियम शिकवले. पोट भरलेलं ठेवायचं. बिळात पिल्लं आहेत, त्यांच्यासाठी मांस न्यायचं. अस्वल आलं तर गुरगुरायचं, नाही ऐकलं तर बाजूला व्हायचं. "आणि माणूस दिसला की पळायचं," ती म्हणाली. "कुणाशीही लढा, माणसाशी नाही."

ती माणसं म्हणजे हे नारिंगी जाकिटवाले शिकारी. त्यांना चेहरे नव्हते. लांडग्याच्या उंचीवरून बघितलं की बूट, जाकीट आणि बंदुकीची नळी एवढंच दिसायचं. अस्वल दिसल्यावर विचार करायला वेळ मिळायचा. हे लोक कुठूनतरी लांबूनच बार काढायचे; फार तर आधी त्यांचं कुत्रं भुंकायचं. मी त्यांना मनापासून शिव्या द्यायचे. "बंदूक घेऊन कसली मर्दुमकी रे मेल्यांनो! दात घेऊन या!" आणि यांना टोमणा: "बघा, आले तुमच्या पणजोबांचे जातभाई." हे खुदकन हसायचे. पण एकदा असंच दोन डोंगरांच्या मधून पळताना मला वाटलं, ती पंगतीतली गोष्ट मी अडतीस वर्षं ऐकली, पण नेहमी डबे बडवणाऱ्यांच्या बाजूनं. समोर पळणाऱ्यांचं काय होत असेल, हे ना मी विचारलं ना यांनी सांगितलं. मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा हे हसले नाहीत. यांनी लांडगा वळवला आणि खोपटापासून फार लांबून नेला.

लेक पुण्याला परत गेली, डबी इथेच ठेवून. मग आमचं रोजचंच झालं. यांची दुपारची झोप झाली की चार ते पाच. लोकांनी बघू नये म्हणून मी पडदा ओढून घ्यायचे. निवृत्त शिक्षिका दुपारी लांडगा होते, ही बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नसता. आमची खूणही ठरली होती. हे डावा हात उचलून माझ्या हातावर चापट मारायचे. एक चापट म्हणजे चाव, दोन म्हणजे पळ. त्यात एकच अडचण होती, हात उचलला की लांडगा जागेवर थांबायचा. अस्वलापुढे तेवढं चालून जायचं.

पाच महिने आणि काही दिवस झाले होते. कॅलेंडरवर खोडायला फार थोडे दिवस उरले होते, आणि मी ते मोजायचं सोडून दिलं होतं. नुकता कूलर लावला होता. टीव्हीत मात्र भर हिवाळा होता, पिल्लं उपाशी होती आणि आमचा लांडगाही. बराच वेळ पाठलाग करून आम्ही एक मोठं हरीण पाडलं. मी खायचं बटण दाबून धरलं. ते सोडेपर्यंत लांडगा हलत नाही. हे दांडी ढकलायला लागले.

"थांबा हो," मी म्हणाले. "आधी पोट भरू द्या. मग नेऊ पिल्लांना."

हे ढकलतच राहिले. कुत्रं भुंकल्याचा आवाज आला. मला वाटलं, आपल्या गल्लीतलं. मी बटण दाबूनच ठेवलं, आणि वरून यांनाच समजावत होते, की तुमची कायमची घाई, कुठल्याही पंगतीत बघावं तर तुम्ही पहिले उठणार. यांना चापट मारायची तर दांडी सोडायला हवी, आणि दांडी सोडली तर लांडगा गेला. उजव्या हाताचा उपयोग नाही.

"अगं!"

संबंध खोलीत तो आवाज भरला. जुना, फ्रीगंजचा, काउंटरमागचा आवाज. "अगं! प... पळ!"

मी पळाले नाही. मी बटणावरून हात काढून घेतला आणि वळून यांच्याकडे बघत राहिले. जगात मला अशी हाक मारणारा एकच माणूस, आणि त्याची हाक मी पाच महिने ऐकली नव्हती. मागे टीव्हीत बार झाला. यांनी टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, डावा हात उचलून टीव्हीच्या पडद्याकडे दाखवलं आणि वैतागून पुन्हा म्हणाले, "अगं... अगं..." गॅसवर दूध ठेवून मी फोनवर बोलत बसले की हे जसं म्हणायचे, अगदी तसं. बर्फात आमचा लांडगा आडवा पडला होता आणि नारिंगी जाकिटवाले त्याच्याकडे चालत येत होते.

मी यांची हनुवटी धरली. "परत म्हणा."

"अगं," हे म्हणाले. थकून, समजूत घातल्यासारखं.

मग मी रडले, या वेळी मिक्सर न लावता. तुमचा लांडगा मेला, पुन्हा सुरू करायचं का, असं पडद्यावर लिहून आलं होतं. दिवेलागणीपर्यंत ते तसंच होतं.

शुक्रवारी ती व्यायाम घेणारी मुलगी आली, तेव्हा मी तिला दारातच सांगितलं. ती आनंदानं चप्पल न काढताच आत आली.

"क्या बोले? आपका नाम बोले?"

"नाम नहीं. 'अगं' बोले."

"'अगं' मतलब?"

मी हात हलवून म्हणाले, "मतलब... ऐसे ही. 'अजी सुनो' होता है ना, वैसा. ये मुझे ऐसे ही बुलाते हैं."

"अच्छा. और नाम से कब बुलाते थे?"

मी मनातल्या मनात वर्षं मोजायला लागले. कधी बुलाते थे? कधीच नाही. आमच्या पिढीत, आमच्या घरांत, बायकोला नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. मी 'अहो', हे 'अगं', की झालं. फॉर्मवर यांनी माझं नाव लिहिलं असेल, सही करताना वाचलं असेल. तोंडानं घेतलं ते एकदाच, लग्नाच्या दिवशी उखाण्यात, तेही माझ्या बहिणींनी दार अडवून धरलं तेव्हा, आणि त्यातही शेवटचं अक्षर लाजून गिळलं होतं. हे मला माहीत नव्हतं का? मला नाही तर कुणाला माहीत असणार! आणि मीच रोज सकाळी पुठ्ठा धरून उभी राहत होते.

मी हे तिला सांगितलं, तेव्हा त्या मुलीनं अल्बम मिटून मांडीवर ठेवला. "आंटी," ती म्हणाली, "हम पाँच महीने से इनसे वो शब्द माँग रहे हैं जो इन्होंने कभी बोला ही नहीं!"

मग तिनं समजावलं, की रोजच्या वापरातले, जिभेवर घासून गुळगुळीत झालेले शब्द बहुतेकदा सगळ्यात आधी परत येतात. मी विचारलं, तसं असेल तर हा शब्द इतके दिवस का आला नाही? तिनं आधी खोलीभर नजर फिरवली. उशाजवळच्या घंटेकडे बघितलं, भरून ठेवलेल्या पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आप इन्हें बुलाने का मौका देती हैं?"

मला राग आला. कुणी खरं बोललं की मला नेहमी आधी राग येतो. एकतीस वर्षं मी मुलींना सांगत आले, की उत्तर मी देणार नाही, तुमचं तुम्ही काढा, मी वाट बघते. आणि घरी या माणसाला मी एकदाही वाट बघून दाखवली नव्हती. तहान लागू दिली नाही, तर पाणी कशाला मागतील? मी समोरून हलले नाही, तर हाक कुणाला मारतील? ते काम त्या पाच बंदूकवाल्यांनी केलं. त्यांनी यांना माझी काळजी करायला लावली. इतके महिने काळजी करायचं काम मी एकटीच अडवून बसले होते.

मुलीनं घंटा उचलून माझ्या हातात दिली. "ये मंदिर में रख दीजिए. और आप थोड़ी बहरी हो जाइए, आंटी." बहिरी होणं मला मुकी होण्यापेक्षाही जड गेलं. पण मी झाले.

संध्याकाळी लेकीला फोन केला. ती ऐकून आधी हसली, मग नाक ओढत म्हणाली, "आई, शिकाऱ्यांना थँक्यू म्हण माझ्याकडून." मी म्हणाले, म्हणेन. आणि तेव्हापासून मी त्यांना शिव्या देत नाही. यांच्या पणजोबांनी ओरडून किती जनावरं बंदुकीपुढे आणली असतील कोण जाणे. त्यांच्या पणतवानं निदान एका लांडग्याला बंदुकीपासून पळवायला ओरडून बघितलं. लांडगा वाचला नाही, तो माझा गाढवपणा. यांचं काही चुकलं नाही.

त्यानंतर शब्द येत गेले. 'नको' आलं, आणि आल्यापासून त्याचा फारच वापर होतो आहे. 'पाणी' आलं, 'गरम', 'बस', 'चल', लेकीसाठी 'बेटा'. सहा महिने कधीच उलटले, कॅलेंडर बदललं, अजून येत आहेत. पूर्ण वाक्य अडखळतं. पणजोबांची गोष्ट अजून सांगता येत नाही, म्हणून परवा एका मुंजीत ती मी सांगितली आणि "आवाजाची" म्हणून मुद्दाम थांबले. "भाकर!" हे पंगतीतून म्हणाले. शेजारच्या पानावरचं लहान मूल दचकलं.

आम्ही अजून खेळतो. नवा लांडगा आहे, नवी पिल्लं आहेत. शिकारी दिसले की हे आता भरपूर आधी "अगं, पळ!" म्हणतात. कधी कधी शिकारी नसतानाही म्हणतात, आणि मी घाबरून धावायचं बटण दाबलं की गालात हसतात. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या त्या पोराला गावानं शेवटी सोडून दिलं. मी यांच्या प्रत्येक हाकेला पळते.

माझं नाव काही आलेलं नाही. तो पुठ्ठा मी अल्बमच्या मागे घालून ठेवला आहे. गेल्या मंगळवारी त्या मुलीला तिच्या फॉर्मसाठी पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारावं लागलं. माझा फोटो समोर धरून तिनं विचारलं, "अंकल, ये कौन हैं?" हे तिच्याकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं." तिनं फॉर्मवर बरोबरची खूण केली.

आता दुपारी चारच्या सुमाराला मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन बसते. ओट्यावर काही नसतं, गॅस बंद असतो, हात रिकामे असतात. बाहेरून हाक येते, "अगं!" मी उठत नाही. थोडा वेळ जातो, काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज होतो, आणि दुसरी हाक येते, पहिलीपेक्षा मोठी. मग मी म्हणते, "आले हो."